मापातल्या मोटारी

खऱ्या रस्त्यावर एस.टी.ची बस आणि मोटार शेजारी उभ्या राहिल्या, तर बस मोटारीच्या अडीचपट लांब भरते. आता घरातली खेळण्यातली बस आणि खेळण्यातली मोटार शेजारी ठेवून पाहा. पुष्कळदा दोन्ही सारख्याच लांबीच्या निघतील. कधी कधी तर मोटारच बसपेक्षा वरचढ ठरेल! खेळताना याने काही बिघडत नाही. पण तीच वाहने एखाद्या छोट्या आगगाडीच्या फाटकाशी उभी करा. लगेच काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागते. मोटारीचे दार इंजिनाच्या दारापेक्षा मोठे दिसते, आणि बसमध्ये बसायला माणसे बोटभर उंचीची हवीत असे वाटते.

हे चुकते कुठे? आणि चुकू नये म्हणून काय करावे? आगगाडीच्या प्रतिकृती मांडणारे छांदिष्ट लोक शंभर वर्षांहून अधिक काळ याच प्रश्नाशी झगडत आले आहेत. त्याचे उत्तर तुम्ही सहावी-सातवीच्या गणितात शिकता. ते म्हणजे गुणोत्तर.

अंगणातली आगगाडी

बागेतली आगगाडी म्हटले, की पुण्याच्या पेशवे उद्यानातली ‘फुलराणी’ आठवते. ती १९५६ साली सुरू झाली. पण ती माणसांनी बसायची गाडी. आपण ज्या गाडीविषयी बोलत आहोत ती त्याहून पुष्कळ लहान, हातात उचलता येईल अशी असते. तिचे रूळ अंगणात किंवा बागेत, खऱ्या मातीवर आणि खऱ्या झाडांमधून टाकलेले असतात. गवताचे पाते तिथे उसासारखे दिसते, आणि पावसाचे डबके तळे होते.

रेल्वेच्या प्रतिकृती पाहायच्या असतील, तर पुण्यात कोथरूडला कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. तिथली मांडणी घरातली, छपराखालची आहे आणि तिचे प्रमाण १:८७ आहे. म्हणजे खरी वस्तू ८७ सेंटिमीटर असेल, तर प्रतिकृती १ सेंटिमीटर. या प्रमाणात अँबॅसडर मोटार जेमतेम ५ सेंटिमीटर भरते. टेबलावर ती शोभते. बागेत मात्र ती पहिल्याच गवतात हरवेल आणि पहिल्याच सरीत वाहून जाईल. म्हणून बागेसाठी मोठी मापे वापरतात.

आता आपण एक मांडणी मनात उभारू. जागा घेऊ केदारखेड्याची. हे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले, पूर्णा नदीकाठचे गाव. जालन्याहून भोकरदनला जाणारी वाहतूक इथून होते. गावात रेल्वे नाही. जवळचे मोठे स्थानक जालन्याचे. जालना ते जळगाव या १७४ किलोमीटर लांबीच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्र सरकारने २०२४ साली मंजुरी दिली आहे. पण अंगणातल्या रेल्वेला कोणाच्याच मंजुरीची गरज नसते, घरातल्या मोठ्या माणसांची सोडून. समजा, केदारखेड्याच्या एका अंगणात आपल्याला एक फाटक, एक रस्ता आणि त्या रस्त्यावरची वाहने मांडायची आहेत. कोणती वाहने जमवायची?

आधी रूळ, मग रस्ता

इथे नवशिक्याला वाटते, की मोटारी आधी जमवाव्यात आणि रूळ मागून टाकावेत. जाणकार मात्र उलटीकडून सुरुवात करतात. बागेतल्या रेल्वेत जगभर सर्वांत अधिक चालणारे रूळ एकमेकांपासून ४५ मिलिमीटर अंतरावर असतात. ही रुंदी ठरलेली, पण तिच्यावर कोणत्या देशाची, कोणत्या मार्गाची गाडी चालवायची ते आपण ठरवायचे. त्यावरून प्रमाण ठरते.

भागाकार करून पाहा. युरोपातल्या बहुतेक मार्गांची रुंदी १४३५ मिलिमीटर आहे. तिला ४५ ने भागले, की सुमारे ३२ येतात. म्हणजे प्रमाण १:३२. आपल्या रुंदमापी, अर्थात ब्रॉडगेज मार्गाची रुंदी १६७६ मिलिमीटर. तिला ४५ ने भागले, तर सुमारे ३७ येतात. माथेरानच्या गाडीचे रूळ ६१० मिलिमीटरचे. तिथे उत्तर साडेतेराच्या आसपास येते. आणि मीटरमापी मार्गाची रुंदी नावाप्रमाणेच १००० मिलिमीटर. तिथे उत्तर बावीसच्या थोडे पुढे येते. न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ साली बागेतली रेल्वे बाजारात आणली, तेव्हा तिने मीटरमापी गाड्यांसाठी १:२२.५ हे प्रमाण धरले. पुढे ते रूढ झाले.

गंमत अशी, की हे प्रमाण जालन्याला अगदी चपखल बसते. मनमाडहून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी असा हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग निजामाच्या राज्यात सुमारे १९०० साली सुरू झाला तो मीटरमापीच होता. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो रुंदमापी झाला. म्हणजे आपण जुन्या जालन्याची गाडी अंगणात आणायचे ठरवले, तर ४५ मिलिमीटरच्या रुळांवर १:२२.५ हे प्रमाण जवळजवळ बिनचूक ठरते. रूळ ठरले, तसा काळही ठरला. आणि काळ ठरला, की रस्त्यावर कोणती वाहने हवीत तेही ठरले. अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी, तांबडी एस.टी., मालमोटार, ट्रॅक्टर, रिक्षा आणि बैलगाडी.

मोटारी आल्या त्या आगगाडीपाठोपाठ

खेळण्यातल्या धातूच्या मोटारींचा इतिहास पाहिला, तर एक विशेष गोष्ट कळते. आज कपाटे भरून जमवल्या जाणाऱ्या ‘डिंकी’ मोटारी मुळात आगगाडीच्या सोबतिणी म्हणून आल्या. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनी हॉर्नबी नावाच्या खेळण्यातल्या आगगाड्या करीत असे. स्थानकाबाहेर उभ्या करायला काही हवे, म्हणून तिने १९३३ च्या अखेरीस छोटी वाहने काढली. १९३४ साली त्यांना डिंकी हे नाव मिळाले.

त्या आगगाड्यांच्या जगात एक फूट म्हणजे ७ मिलिमीटर असे माप चालत असे. एका फुटात सुमारे ३०५ मिलिमीटर. त्याला ७ ने भागा. ४३ आणि वर अर्धा येतो. संग्राहकांच्या जगात १:४३ हे विचित्र प्रमाण इतके प्रसिद्ध का, याचे उत्तर या भागाकारात आहे. त्याच्या निम्मे म्हणजे साडेतीन मिलिमीटरला एक फूट धरले, की १:८७ येते. पुण्याच्या संग्रहालयातले प्रमाण ते हेच. पुढे डिंकीचे जुने साचे आपल्या देशात आले, आणि १९७० च्या सुमारास कलकत्त्यात ‘निकी टॉइज’ या नावाने त्यांतून मोटारी ओतल्या जात.

मग एकाच लांबीच्या बस आणि मोटारी कुठून आल्या? त्यांची कथा वेगळी आहे. लंडनच्या लेझ्नी कंपनीतले जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायला परवानगी होती. ओडेल यांनी तिला पितळेचा एक चिमुकला रोडरोलर करून दिला. त्यातून १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ ही मालिका निघाली. इथे खोक्याचे माप आधी ठरले होते. बस असो, मोटार असो, की रोलर असो, त्या खोक्यात ती मावली पाहिजे! साहजिकच बस अधिक आक्रसली आणि मोटार कमी. प्रत्येक वाहनाचे प्रमाण निराळे झाले. संग्राहक याला खोक्याचे प्रमाण म्हणतात. खेळण्यांच्या दुकानातली बरीच वाहने आजही याच जातीची असतात.

पट्टी घेऊन बाजारात

तेव्हा संग्राहकाचे पहिले हत्यार म्हणजे सहा इंची पट्टी. खऱ्या वाहनाची लांबी भागिले खेळण्याची लांबी, म्हणजे प्रमाण. पुढे काही वाहनांच्या लांब्या दिल्या आहेत. एस.टी. आणि रिक्षा यांच्या लांब्या प्रकाराप्रमाणे थोड्या बदलतात, म्हणून त्या ढोबळ धरा. सर्व आकडे सेंटिमीटरमध्ये आहेत.

अँबॅसडर : खरी लांबी ४३२, १:२२.५ ला १९.२, १:३२ ला १३.५, १:४३ ला १०.
प्रीमियर पद्मिनी : खरी लांबी ३९३, १:२२.५ ला १७.५, १:३२ ला १२.३, १:४३ ला ९.१.
रिक्षा : खरी लांबी सुमारे २६०, १:२२.५ ला ११.६, १:३२ ला ८.१, १:४३ ला ६.
एस.टी. बस : खरी लांबी सुमारे ११००, १:२२.५ ला ४८.९, १:३२ ला ३४.४, १:४३ ला २५.६.
माणूस : खरी उंची १६५, १:२२.५ ला ७.३, १:३२ ला ५.२, १:४३ ला ३.८.

समजा, जत्रेत तुम्हाला साडेअकरा सेंटिमीटरची प्लॅस्टिकची रिक्षा दिसली. २६० ला साडेअकराने भागा. साडेबावीसच्या जवळ उत्तर येते. ती डोळे मिटून घ्या. शेजारी साडेतेरा सेंटिमीटरची अँबॅसडर आहे. तिचे प्रमाण १:३२ निघते. ती कितीही चकचकीत असली, तरी आपल्या रस्त्यावरची नव्हे. संग्रह म्हणजे दिसेल ते घेणे नव्हे. काय घ्यायचे नाही हे कळू लागले, की संग्रह सुरू झाला असे समजावे.

आता कोणी विचारील, एवढ्याशा फरकाने काय होते? करून पाहू. अँबॅसडरची खरी उंची सुमारे १६० सेंटिमीटर. १:३२ च्या प्रतिकृतीत ती ५ सेंटिमीटर होते. तिच्या शेजारी आपला ७.३ सेंटिमीटरचा फाटकवाला उभा राहिला, तर मोटारीचे छप्पर त्याच्या छातीशी येईल. अशी अँबॅसडर कोणी पाहिली आहे? १:२४ ची मोटार मात्र चालून जाते. ती १९.२ ऐवजी १८ सेंटिमीटर भरते, छप्पर ७.१ ऐवजी ६.७ वर येते. एवढा फरक डोळा माफ करतो. १:२४ ही जगातल्या मोटारींच्या प्रतिकृतींची एक लोकप्रिय श्रेणी असल्याने बागेतल्या रेल्वेवाल्यांची बरीच सोय होते.

ट्रॅक्टरची गोष्ट याहून मजेची. शेतीच्या यंत्रांच्या प्रतिकृती परदेशात बहुधा १:३२ प्रमाणात होतात. साडेतीन मीटर लांबीचा ट्रॅक्टर त्या प्रमाणात ११ सेंटिमीटरचा होईल. आपल्या रस्त्यावर तो अडीच मीटरचा वाटेल. आता अडीच मीटरचे लहान ट्रॅक्टर खरोखरच असतात! मग तो चालेल का? नाव विसरा आणि त्याचे आसन व सुकाणूचक्र पाहा. ट्रॅक्टर लहान असला, तरी चालवणारा माणूस लहान होत नाही. जिथे माणसाचा हात, पाय किंवा पाठ टेकते ते भाग खऱ्या ट्रॅक्टरांत साधारण सारख्याच मापाचे असतात. प्रतिकृतीत तेच खोटे ठरतात. म्हणून लांबी पटली, तरी दार, आसन आणि पायरी यांची परीक्षा घ्यावीच.

जागेचाही हिशेब ठेवावा लागतो. १:२२.५ प्रमाणात खऱ्या रस्त्याचा एक किलोमीटर म्हणजे अंगणातले ४४ मीटर. तेव्हा केदारखेडा ते जालना हा सगळा रस्ता अंगणात मावणार नाही. एक फाटक, दोनशे पावलांचा रस्ता आणि एक थांबा एवढेच निवडावे. वेगही त्याच प्रमाणात धरावा. ताशी ४५ किलोमीटर धावणारी एस.टी. एका सेकंदात साडेबारा मीटर जाते. आपली बस सेकंदाला ५५ सेंटिमीटर जायला हवी. मुले तिला याच्या कितीतरी पट वेगाने ढकलतात, म्हणूनच ती खेळणे वाटते.

दूरची मोटार लहान

१:३२ च्या मोटारी अगोदरच घरात असतील, तर त्या टाकून द्याव्यात का? मुळीच नाही. त्यांना मांडणीच्या मागच्या बाजूला ठेवा. डोळ्यापासून ३ मीटरवर ठेवलेली साडेतेरा सेंटिमीटरची मोटार, सव्वाचार मीटरवर ठेवलेल्या १९.२ सेंटिमीटरच्या मोटारीएवढीच दिसते. म्हणजे मागे लहान वाहने ठेवल्याने अंगण आहे त्याहून लांब वाटते. नाटकातले पडदे रंगवणारे कलावंत हीच युक्ती वापरतात. अट एवढीच, की पाहणाऱ्याने एकाच बाजूने पाहावे आणि दोन मापांची वाहने शेजारी येऊ नयेत. फाटकाशी मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे रेल्वे आणि रस्ता एकमेकांना भेटतात. फाटक ही सगळ्या मांडणीची परीक्षेची जागा.

वजनाचे गणित

लांबी साडेबावीस पटींनी कमी केली, की वजन किती पटींनी कमी व्हावे? साडेबावीस गुणिले साडेबावीस गुणिले साडेबावीस, म्हणजे सुमारे ११,४०० पटींनी. अँबॅसडरचे वजन अंदाजे ११०० किलो धरले, तर आपली मोटार ९७ ग्रॅम भरावी. प्रत्यक्षात त्या मापाची धातूची प्रतिकृती हातात घेतली, तर ती कितीतरी जड लागते. कारण खऱ्या मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्याचे प्रमाण साधायचे, तर तो कागदाहूनही पातळ करावा लागेल. असा पत्रा साच्यात ओतता येत नाही. बाहेरून सगळे प्रमाणशीर दिसले, तरी निसर्गाचे नियम प्रमाणात आक्रसत नाहीत, हे इथे कळते.

ऊन, पाऊस आणि काळी माती

केदारखेड्याच्या अंगणात संग्रहाचे शत्रूही आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिच्यावर सरळ रस्ता केला, तर वर्षभरात फाटक वाकडे होईल. म्हणून काळी माती काढून खाली मुरूम धुमसावा आणि त्यावर रस्ता व रूळ बसवावेत.

वैशाखातले ऊन प्लॅस्टिकला वाकवते, आणि त्यातले अतिनील किरण रंग उडवतात. तांबडी एस.टी. बघता बघता फिकट होते. मऊ टायरांत मिसळलेले तेलकट द्रव्य उष्णतेने बाहेर झिरपते आणि टायर जिथे टेकतो तिथले प्लॅस्टिक मऊ करते. धातूच्या मोटारींचे दुखणे आणखी निराळे. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. जस्तात शिशासारखी अशुद्धी अगदी थोडी जरी राहिली, तरी दमट हवेत धातूच्या कणांमधल्या सीमा आतून कुजू लागतात. मोटार फुगते, तडकते आणि शेवटी हातात भुगा येतो. १९३० च्या दशकातल्या पुष्कळ मोटारी अशा नाहीशा झाल्या. या रोगाला औषध नाही. पुढे अधिक शुद्ध जस्त वापरू लागल्यावर तो आटोक्यात आला.

यावर साधा उपाय म्हणजे रूळ बाहेर, वाहने घरात. खेळ संपला की प्रत्येक वाहन पुसून, कोरड्या डब्यात, चाके वर उचललेली राहतील असे ठेवावे.

जे मिळत नाही ते करावे

आपली यादी पुन्हा पाहा. युरोपातल्या मोटारींच्या प्रतिकृती पैसे टाकले तर मिळतील. पण एस.टी., कापसाने भरलेली मालमोटार आणि बैलगाडी बरोबर मापात मिळणे अवघड. ती आपणच करावी लागतील. आणि करायची, तर आधी मोजावी लागतील.

बैलगाडीपासून आरंभ करा. ज्वारीच्या धाटांची गाडी करण्याची कला आपल्याकडे जुनीच आहे. तिला फक्त माप लावायचे. चाकाचा व्यास मोजा. तो १३५ सेंटिमीटर भरला, तर आपले चाक ६ सेंटिमीटरचे. चाकाचे आरे मोजा, साटीची लांबी घ्या, जू किती रुंद आहे ते पाहा. पोळ्याला मातीचे बैल मिळतात किंवा घरी करतात. खरा बैल वशिंडापाशी १४० सेंटिमीटर उंच असेल, तर मातीचा बैल ६.२ सेंटिमीटरचा हवा. एवढे जमले, तर जगात कुठल्याही दुकानात न मिळणारी वस्तू तुमच्या संग्रहात आली.

हे मोजमाप लवकर केलेले बरे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. पद्मिनी त्याच्याही आधी बंद झाली. जालन्याच्या मीटरमापी रुळांचे रुंदमापी झाले. लाकडी चाकांची बैलगाडीही दिवसेंदिवस कमी होत चालली आहे. तिच्या जागी रबरी टायरांच्या गाड्या आणि ट्रॅक्टर आले. एखादे वाहन रस्त्यावरून गेले, की त्याची छायाचित्रे उरतात. पण चाकाला किती आरे होते, पायरी जमिनीपासून किती उंच होती, हे छायाचित्रातून नेमके कळत नाही. ज्याने टेप लावून मोजले आणि वहीत लिहून ठेवले, त्याच्याकडेच ते राहते.

तेव्हा मोटारी विकत घ्यायला पैसे साठवा, पण त्याआधी एक वही करा. पानाच्या डाव्या बाजूला खरे माप, उजव्या बाजूला साडेबावीसने भागलेले माप. गावातला जुना सुतार, ट्रॅक्टरचा मालक, रिक्षावाला यांना विचारून आणि वाहन उभे असतानाच मोजायचे. रस्त्यावर किंवा रुळांजवळ जाऊन मुळीच नाही. दहा वाहनांची पाने भरली, की तुमच्या मांडणीची निम्मी तयारी झाली. उरलेली निम्मी पुठ्ठा, धाटे, डिंक आणि सुट्टीचे दिवस यांनी पुरी होईल.